घरी बांधलेल्या ट्यूब अ‍ॅम्पचा आवाज कर्कश येतोय? दोष शोधायचा क्रम काय?

ट्यूब अ‍ॅम्पचा आवाज ‘उबदार’ असतो, असं सगळेच सांगतात. मग महिनाभर खपून घरी बांधलेल्या अ‍ॅम्पवर झांजा चरचरतात आणि गाण्यातला प्रत्येक ‘स’ कानाला टोचतो, असं का होतं?

बहुतेक जण लगेच ट्रेबलचं बटण खाली आणतात, नाहीतर एखादा कपॅसिटर जोडून उंच स्वर कापून टाकतात. त्यानं कर्कशपणा झाकला जातो, पण दोष आतच राहतो. हाच दोष पुढे ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, किंवा महागडी ट्यूब घालवू शकतो. म्हणून आधी कारण शोधायचं, उपाय नंतर.

सगळ्यात आधी जीव सांभाळा

अशा अ‍ॅम्पमध्ये साधारण २५० ते ४५० व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही ते फिल्टर कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. हात घालण्यापूर्वी प्लग काढा, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करा आणि मीटरवर व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करा. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजमाप करायचं असेल, तर मीटरची काळी क्लिप अ‍ॅम्प बंद असतानाच चासीला लावा आणि मोजताना एकच हात वापरा. सवय नसेल तर जाणकाराला सोबत घ्या. स्पीकर न जोडता अ‍ॅम्पला सिग्नल देऊ नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर खराब होऊ शकतो.

१. दोष नक्की अ‍ॅम्पचाच आहे का?

दुसरा स्पीकर आणि दुसरं गाणं लावून पाहा. फीडबॅक नसलेल्या ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असतो. त्यामुळे ज्या फ्रिक्वेन्सीला स्पीकरचा इम्पीडन्स वाढतो, तिथे आवाजही वाढतो. बऱ्याच स्पीकरमध्ये ही वाढ उंच स्वरांत होते. म्हणजे तोच स्पीकर ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर ठीक आणि ट्यूबवर तिखट वाजू शकतो.

२. त्रास कधी होतो?

फक्त मोठ्या आवाजात होत असेल, तर अ‍ॅम्प क्षमतेबाहेर चालतोय. हळू आवाजातही खरखर असेल आणि आउटपुटला ट्यूबची पुशपुल जोडी असेल, तर बायस तपासा. प्रवाह फार कमी असला की एक ट्यूब थांबून दुसरी सुरू होण्याच्या सांध्यावर आवाज फाटतो.

ईएल८४ चं उदाहरण घ्या. कॅथोडचा रेझिस्टर १३५ ओहम आणि त्यावर ७.३ व्होल्ट असतील, तर एकूण प्रवाह ५४ मिलिअँपिअर. त्यातले सुमारे ६ स्क्रीन ग्रिडचे, उरलेले ४८ प्लेटचे. प्लेट आणि कॅथोडमध्ये २५० व्होल्ट असतील तर ही शक्ती झाली १२ वॉट, म्हणजे या ट्यूबची कमाल मर्यादा.

कॅथोड बायस असेल तर आउटपुट ट्यूबच्या ग्रिडवर जवळपास शून्य डीसी हवा. तिथे काही व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले आणि ट्यूब बदलूनही तसेच राहिले, तर आधीचा कपलिंग कपॅसिटर गळतोय. तो बदला.

३. ऐकू न येणारी शिट्टी

अ‍ॅम्प कधी कधी २० किलोहर्ट्झच्या वर स्वतःच दोलायला लागतो. शिट्टी ऐकू येत नाही, पण प्रत्येक स्वराला खरखरीत कड येते. वायरजवळ हात नेला की आवाज बदलतो, ट्वीटर विनाकारण तापतो. साधं मल्टिमीटर इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला फसतं, त्यामुळे ऑसिलोस्कोप मिळाला तर उत्तम.

यावरचा पहिला उपाय ग्रिड स्टॉपर. आउटपुट ट्यूबच्या ग्रिडला १ ते १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, तोही थेट सॉकेटच्या पिनवर. इनपुटची वायर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वायरपासून दूर न्या.

४. फीडबॅक तपासा

आउटपुटचा थोडा सिग्नल मागे आणून विकृती कमी करतात, तो निगेटिव्ह फीडबॅक. १९४७ मध्ये ब्रिटनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आलेल्या विल्यमसन अ‍ॅम्पमध्ये तो २० डेसिबल होता. त्यासाठी आउटपुट ट्रान्सफॉर्मर फार चांगल्या दर्जाचा लागत असे. तोच सर्किट साध्या ट्रान्सफॉर्मरवर बांधला, तर अ‍ॅम्प अस्थिर होण्याचा धोका असतो.

अ‍ॅम्प बंद करून फीडबॅकच्या रेझिस्टरचं एक टोक सोडवा, व्हॉल्यूम अगदी कमी ठेवा आणि मग ऐका. आवाज मोठा येईल. पण खरखर गेली तर दोष फीडबॅकमध्ये आहे. त्या रेझिस्टरला समांतर काही दहा ते काहीशे पिकोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहा, किंवा फीडबॅक कमी करा.

५. आता टोनकडे वळा

इथवर सगळं ठीक असेल तरच उंच स्वर कमी करा. गिटार अ‍ॅम्प असेल तर व्हॉल्यूमवरचा ‘ब्राइट’ कपॅसिटर काढून पाहा. व्हॉल्यूम कमी असताना तोच सर्वात जास्त टोचतो. नाहीतर १२एएक्स७ च्या १०० किलोओहमच्या प्लेट रेझिस्टरला समांतर ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा. सुमारे ९ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर उतरू लागतील. कपॅसिटर किमान ५०० व्होल्टचा घ्या.

एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. दोन बदल एकदम केले, तर फरक कशानं पडला ते कळणार नाही.