चार वेशींच्या आतलं कारंजा

सुरतेची लूट आपल्याला चौथीपासून पाठ असते. पहिली १६६४ची, दुसरी १६७०ची. दुसरीनंतर दोनच महिन्यांनी शिवाजी महाराजांची फौज वऱ्हाडात शिरली आणि एका शहरावर चालून गेली. आज ते शहर वाशिम जिल्ह्यात आहे. पण वाशिमच्या पोरांना विचारा, दहातल्या दोघांना सांगता येईल. ते शहर म्हणजे कारंजा.

इतिहासकार जदुनाथ सरकारांनी 'शिवाजी अँड हिज टाइम्स'मध्ये त्या काळच्या नोंदींवरून आकडे दिले आहेत. सुरतेच्या दुसऱ्या लुटीत सरकारी चौकशीनुसार ६६ लाखांचा माल गेला. कारंज्यातून गेला एक कोटीचा, तोही ४,००० बैल आणि गाढवांवर लादून: तलम कापड, चांदी, सोनं. म्हणजे आकडे खरे मानले तर कारंजा सुरतेच्या पुढे होतं.

आकडा दिसला की तो तपासून पाहायची मला सवय आहे. मुघल रुपया साधारण साडेअकरा ग्रॅम चांदीचा. एक कोटी रुपये म्हणजे ११५ टन. चार हजार जनावरांत वाटले तर एकावर २९ किलोसुद्धा येत नाहीत, आणि पाठीवर गोणी वाहणारा बैल याच्या तिप्पट ओझं सहज नेतो. कापडाला वजन जास्त नि किंमत कमी, सोन्याचं उलटं. हिशेब जुळतो. त्यावरून आकडा खरा ठरत नाही, पण अशक्य नाही एवढं नक्की.

असं शहर आज पायी बघायचं तर किती वेळ लागतो? मी सकाळी निघालो. रेंगाळत, चहा घेत फिरलो तरी दिवस पुरून उरला. जुनं गाव तटाच्या आत होतं आणि त्याला चार वेशी: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. ही नावं म्हणजे त्या काळचे रस्त्यावरचे बोर्डच. पोहा जवळचं खेडं, मंगरूळ आणि दारव्हा शेजारच्या बाजारपेठा, आणि चौथ्या वेशीवर एकदम दिल्ली! वऱ्हाडातल्या एका पेठेला आपला रस्ता दिल्लीला जातो असं सांगावंसं वाटत होतं, यातच तिचा तोरा कळतो. गावाच्या नावातलं 'लाड' हे लाट प्रदेशावरून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांवरून पडलं असं मानतात.

बाहेरून येणारे बहुतेक लोक गुरुमंदिरात जातात. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मस्थान. दर्शन, प्रसाद, परतीची एसटी. गल्ल्यांत कुणी फारसं वळत नाही.

गल्ल्यांत वळलं की कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट ऐकायला मिळते. एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून आला. एवढी कस्तुरी घेणार कोण? तेव्हा इथल्या एका सावकाराने सगळा माल विकत घेतला आणि बांधकाम चालू असलेल्या आपल्या घराच्या चुन्यात कालवून टाकला. गोष्ट खरी असेल असं मला वाटत नाही. पण गावं आपल्याबद्दल अशा गोष्टी उगाच रचत नाहीत. श्रीमंती बघितलेल्या गावालाच असली फुशारकी सुचते.

१६७०च्या त्या डिसेंबरात या गल्ल्यांत काय झालं असेल? सरकार लिहितात की गावातले सगळे धनिक पकडले गेले, फक्त सर्वांत मोठा सावकार बाईच्या वेशात निसटला. त्याच स्वारीत या मुलखातल्या लोकांकडून चौथाईचे लेखी कबुलीजबाब घेतले गेले: यापुढे महसुलाचा चौथा हिस्सा मराठ्यांना. माझ्या मते लुटीपेक्षा हे कागद महत्त्वाचे. लूट एकदाच नेता येते, चौथाई दरसाल येते. मुघलांच्या खजिन्याला दिलेला तो धक्का होता, आणि स्वराज्याला फौज पोसायला पैसा हवाच होता. हे पटतं. तरी दिल्ली वेशीकडे चालताना डोळ्यांसमोर घोडेस्वार येत नाहीत, लुगडं नेसून निसटणारा तो सावकार येतो. त्याचं गाव माझ्या जिल्ह्यातलं, घोडेस्वार माझ्या पुस्तकातले. दोन्ही बाजूंना आपलंच माणूस असलं की इतिहास वाचायला जड जातो.

कारंजा संपलं मात्र नाही. त्याच शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेच्या यात्रेला आलेल्या शीलविजय या जैन साधूने इथल्या धनवंतांचं कौतुक लिहून ठेवलं आहे.

आणि एक ऐवज कोणत्याच बैलावर लादला गेला नाही. कारंज्यात दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरं आहेत: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. ही भट्टारकांची पीठं. पीठाबरोबर ग्रंथभांडार आलंच, हातांनी नकललेल्या पोथ्यांचे गठ्ठे. १९०२ साली रिचर्ड पिशेल हा जर्मन पंडित अपभ्रंश भाषेवर काम करत होता, तेव्हा त्याला मुख्यतः व्याकरणग्रंथांत उदाहरणादाखल आलेल्या सुट्या कडव्यांवर भागवावं लागलं. अख्खी काव्यं बहुधा नष्ट झाली, असाच समज होता. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आपल्या आजच्या भाषा यांच्या मधला टप्पा, तेव्हा हे नुकसान मराठीचंही होतं.

पुढे रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची केली. ती १९२६ साली छापली गेली आणि कारंज्याची भांडारं अभ्यासकांना कळली. पुष्पदंत हा दहाव्या शतकातला कवी, राष्ट्रकूटांच्या राजधानीत, मान्यखेटला लिहिणारा. त्याचं 'जसहरचरिउ' परशुराम लक्ष्मण वैद्यांनी १९३१ साली संपादित केलं. १९३३ साली 'णायकुमारचरिउ' आलं, तर १९३४ साली मुनी कनकामराचं 'करकंडचरिउ'. या दोन्हींचे संपादक अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन. पोथ्यांना कुलूप लावून न ठेवता त्या अभ्यासकांच्या हाती देणारे विश्वस्त इथे होते, हेही नोंदवायला हवं. कितीतरी ठिकाणी ते घडलं नाही.

यांतल्या 'जसहरचरिउ' आणि 'करकंडचरिउ' यांच्या मालिकेचं नाव 'कारंजा जैन ग्रंथमाला'. जगात जिथे जिथे अपभ्रंश शिकवली जाते, तिथल्या संदर्भसूचींत हे नाव येतं. मंगरूळ वेशीजवळ चहा पिताना शेजारच्या माणसाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "हो का? मले तं गुरुमंदिरच मालूम." आणि मग स्वतःच उठून मला त्या मंदिराच्या गल्लीपर्यंत सोडायला आला.