रोज तीन अध्याय, रविवारी पाच

मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्यांपैकी कित्येकांनी हा हिशोब लहानपणी ऐकलेला असेल. रोज तीन अध्याय, रविवारी पाच. प्रॉटेस्टंट बायबलचे एकूण अध्याय ११८९, म्हणजे वर्षभरात उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं वाचून होतं आणि वर दोन-तीन दिवस हाताशी राहतात. (कॅथलिक बायबलात काही पुस्तकं जास्त, तिथे हिशोब थोडा बदलतो.) गणित चोख आहे. पण डोंबिवलीला सकाळची फास्ट लोकल पकडून, ठाणं येईपर्यंत एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला विचारा, आज काय वाचलंत? अध्याय क्रमांक सांगेल तो बिचारा. पुढचं कठीण!

हे मनात आलं की मला हटकून रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. एक तर ते आपल्या कल्याणचे. म्हणजे जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, १८६१ चा. पण प्राथमिक शिक्षण कल्याणला, १८६९ ते ७३. रेल्वे कल्याणात येऊन तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती. शाळकरी नारायणाने स्टेशनात उभं राहून गाड्या पाहिल्या असतील का, असा एक उगाच विचार येतो. उगाच नाही म्हणा. कारण पुढे टिळकांच्या आयुष्याचा सांधा बदलला तो आगगाडीतच.

साल १८९३. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, छापखान्यातल्या नोकरीसाठी. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. बोलणं निघालं, काव्यावरून धर्मावर गेलं. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि सांगितलं की हा मनापासून वाचलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी वाचण्याचा शब्द दिला. त्या गृहस्थाचं नाव त्यांना पुढेही कधी कळलं नाही.

आता गंमत पाहा. टिळकांनी वाचायला सुरुवात केली ती दिला शब्द पाळायचा म्हणून. हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत. आणि मत्तयच्या पाचव्या अध्यायाला येऊन अडकले. डोंगरावरचं प्रवचन! पाच, सहा, सात असे तीनच अध्याय आहेत ते. आपल्या हिशोबाने एका सकाळचं काम. टिळकांना त्यातून बाहेर पडता येईना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. सहप्रवाशाची दोन वर्षांची मुदत जवळजवळ तंतोतंत भरली.

इथवरची गोष्ट उपदेशात नेहमी सांगतात. मला त्यापुढची जास्त महत्त्वाची वाटते. नवऱ्याने वाचलं, नवऱ्याला पटलं, नवऱ्याने केलं. आणि घर? लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. चार-पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही बाईंचं सोवळं, वेगळी चूल, वेगळं पाणी सुरूच होतं. टिळकांनी त्यात जबरदस्ती केली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. डोंगरावरचं प्रवचन पाठ असलेला माणूस घरात बायकोशी कसा वागतो, ही त्या वाचनाची खरी परीक्षा. (टिळक तसे तापट, विसराळू, हातात पैसा न टिकणारे, 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको.)

मग बाईंनी स्वतःच विचार केला. माणूस देवाने केला, मग जाती कुणी केल्या? हा प्रश्न एकदा मनात शिरल्यावर त्या थांबल्या नाहीत. कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. म्हणजे आगगाडीतलं ते पुस्तक टिळकांच्या हातातून घरातल्या पाण्याच्या घागरीपर्यंत पोचायला सहा-सात वर्षं लागली. वर्षात संपूर्ण बायबल वाचणाऱ्यांनी हे अंतर जरा मोजून पाहावं.

पण वाचायचं तर ते कळलंही पाहिजे ना. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या भोवती दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या बायका-मुली होत्या. उपलब्ध मराठी बायबलची भाषा रमाबाईंना फार संस्कृतप्रचुर वाटे. स्वतः संस्कृतच्या पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या. पण त्यांनीच ठरवलं की खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी हवी. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. उतारवयात, संस्थेचा एवढा पसारा सांभाळून! छपाईचं काम मुक्तीतल्याच बायका-मुलींनी केलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं; संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ज्ञानी बाईने आपलं ज्ञान बाजूला ठेवून सोपं लिहिणं म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाच कळेल.

तेच काम पुढे आपल्या ठाणे जिल्ह्यात झालं. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल'. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यातच होती. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. कॅथलिकांच्या बाबतीत हे विशेष, कारण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) मिस्सा लॅटिनमध्येच होई. ठाण्यात मासुंदा तलावाजवळ पोर्तुगीज काळातलं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या लोक गुडघे टेकत आले, पण उपासनेची भाषा परकी. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष दिब्रिटोच होते. २०२४ मध्ये ते गेले.

असो. टिळकांकडे परत येतो, कारण एक सांगायचं राहिलं. त्यांनी 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध लिहायला घेतलं होतं. १९१९ मध्ये ते वारले तेव्हा दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढे लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं. लग्नानंतर कशीबशी अक्षरओळख झालेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाई. त्यांनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली.