तारगोळ्यातला ‘र’

एप्रिल लागला की वैतरणेच्या पुलापलीकडे, सफाळे-केळव्यापासून डहाणूपर्यंत, टोपल्यांतल्या फळाला कुणी ताडगोळा म्हणतं, कुणी तारगोळा. शिकलेला माणूस दुसरं नाव अशुद्ध ठरवून मोकळा होतो. माझ्या मते या ‘र’ला तितकाच मान हवा. आगरी-कोळी बोलींत गाडीची गारी होते, घोड्याचा घोरा होतो. त्याच नियमाने ताडाचा तार, ताडीची तारी. ‘ड’ म्हणताना जीभ टाळूवर न टेकता नुसती आपटून खाली आली, की कानाला ‘र’ लागतो. मूळ शब्द संस्कृत ‘ताल’ की त्याआधीचा द्रविड, हा वाद जुना आहे. तेलुगूतला ‘ताटि’ पाहता मी द्रविडाच्या बाजूने.

या ‘र’चा साक्षीदार मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडतो. 1608 मध्ये सुरतेला आलेल्या विल्यम फिंच या इंग्रजाच्या वृत्तांतात ताडी या पेयाचं नाव ‘तारी’सारखं लिहिलेलं आहे, त्याच्या मागोमाग आलेल्यांनी ‘टॅडी’ लिहिलं आणि पुढे ‘टॉडी’ रूढ झालं. यावर कुणी म्हणेल, सुरत म्हणजे कोकण नव्हे, त्याने हिंदीतला ‘ड़’ ऐकला असेल. मान्य. कोकणाने इंग्रजीला शब्द दिला असा माझा दावा नाहीच. पण ज्याला आपल्या शुद्धलेखनाची ओळखही नव्हती त्याच्या कानाने ‘र’च टिपला, म्हणजे तारगोळा ही अडाण्याची चूक नव्हे, एवढं यातून नक्की ठरतं. स्कॉटलंडमध्ये गरम पाणी, साखर आणि व्हिस्की यांच्या मिश्रणालाही टॉडीच म्हणतात. ते नाव एडिनबरोजवळच्या टॉड नावाच्या विहिरीवरून पडलं, असं सांगणारे आहेत, आणि त्यांचा आधार म्हणजे ॲलन रॅम्झेची 1721 मधली कविता. पण तोवर आपली ताडी इंग्रजी लिखाणात शंभर वर्षं मुरलेली होती. विहिरीची कथा नंतर जोडलेली दिसते.

मग याच किनाऱ्यावरचं तारापूर म्हणजे ताडांचं गाव का? मोह मोठा आहे, कारण या किनाऱ्यावर ताडांना तोटा नाही. पण बंदराच्या गावाला ‘तारू’ही तितकंच शोभतं, देवीचं नावही, शिवाय तारापूर गुजरातेतही आहे आणि बिहारमध्येही. इथे माझा आवडता नियम लंगडा पडतो.

राहतो एक प्रश्न: पेयाचं नाव स्कॉटलंडपर्यंत गेलं, फळाचं का नाही? माझा तर्क असा, की टॉडीत ताडाचा थेंब नसला तरी नाव चालून गेलं. गोळ्याला अशी बदली नाही. काळपट फळ कोयत्याने छाटलं की आत बहुधा तीन गर. अंगठ्याने दाबून एक बाहेर काढायचा, तुरट पिवळसर साल सोलायची. मऊ पारदर्शक गरात दात रुतला की मधलं पाणी हनुवटीवर. तेच फळ झाडावर थोडे दिवस जास्त राहिलं तर पाणी आटतं आणि गर खोबऱ्यासारखा टणक होतो. जहाजाला सुरतेहून लंडन गाठायला कित्येक महिने लागत.