वामनदादांच्या वाटेनं: शिवडी, नायगाव, देशवंडी

संगीतात घराणी असतात. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर. घराणं म्हणायचं तर आधी घर पाहिजे. घर, ओसरी, तंबोरा टेकवायला कोपरा आणि त्या कोपऱ्याला भाकरी घालणारा एखादा संस्थानिक. मग शिष्य येतात, इतिहास लिहिला जातो, घरावर पाटी लागते. पुण्याला बालगंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर १९६८ साली उभं राहिलं. चांगली गोष्ट आहे. माणूस मोठा गाणारा होता.

पण आमच्या वामनदादा कर्डकांचं घराणं कुठलं, असं कुणी विचारलं तर काय सांगणार? शिवडी बीडीडी घराणं? वखार घराणं? मित्रांनो, हसू नका. मी हे गंभीरपणे विचारतोय. ज्या माणसाचं गाणं चौदा एप्रिलला अख्ख्या महाराष्ट्रात वस्तीवस्तीत वाजतं, त्याच्या आयुष्याच्या जागा तुमच्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी बघितल्यात? रायगड बघतो, वेरूळ बघतो. शिवडी कोण बघतं?

मी माकुणसारचा. कामाला तारापूर एमआयडीसीत, एका कापड मिलमध्ये लूमवर. बारा तासांनी बाहेर आलं तरी कानात लूम चालूच राहतो. त्या आवाजावर शब्द बसवायची सवय मला लागली, आणि कविता म्हणतात ती मला तिथंच सापडली. वामनदादाही कापड गिरणीत राबलेले आहेत हे वाचलं तेव्हा ठरवलं की सुट्टी मिळेल तशी त्यांच्या जागांवर जायचं. मी उलटा गेलो. आधी शिवडी, मग देशवंडी. कारण साधं. शिवडीला लोकलचं तिकीट पुरतं, देशवंडीला एसटीचे पैसे जमवावे लागतात.

आधी थोडं आयुष्य सांगतो. जन्म १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. म्हणजे दादा बरोबर पंचवीस वर्षांचे झाले त्या दिवशी देश स्वतंत्र झाला. दादांना त्या दिवशी काय मिळालं, ते ज्यानं त्यानं आपल्या घरात बघावं. वडील तबाजी, आई सईजाबाई. लहानपण गुरं राखण्यात गेलं, लाकडाच्या मोळ्यांत गेलं. शाळेचं तोंड बघितलं नाही. पुढं आईबरोबर मुंबई. कोळशाच्या वखारीत काम केलं, खडी फोडली, माती वाहिली, चिक्की विकली, आइसफ्रूट विकलं, गिरणीत गेले, टाटा ऑइल मिलमध्ये गेले. राहायला शिवडीची बीडीडी चाळ.

सफाळ्याला गाडी पकडायची, अंधेरीला उतरून हार्बरची बदलायची, शिवडीला उतरायचं. चर्चगेट-डहाणू लोकल आमच्याकडे २०१३ साली आली. त्याआधी आमची माणसं शटल आणि लांबच्या गाड्यांना लोंबकळून मुंबईला जायची. शिवडी स्टेशनाच्या पूर्वेला खाडी आहे. तिथं रविवारी मोठ्या कॅमेऱ्याची माणसं येतात, रोहित पक्षी बघायला. जानेवारी २०२४ पासून तिथूनच समुद्रावरचा नवा पूल न्हावाशेव्याला जातो. पक्षी बघायला हरकत नाही, सुंदरच आहेत ते. पण त्याच स्टेशनातून चाळींकडे वळणारा एकही कॅमेरावाला मला दिसला नाही.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. इंग्रज सरकारनं १९२१ ते १९२५ च्या दरम्यान गिरणी कामगारांसाठी या चाळी बांधल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. एकूण २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांना मिळून. लांबून बघितली तर तुरुंगासारखी दिसते. जवळ गेलं की गॅलरीतले कपडे दिसतात, कुंड्या दिसतात, निळा झेंडा दिसतो.

मी दादांची खोली शोधायला गेलो नव्हतो. आपल्या लोकांचं आयुष्य खोलीत झालंच नाही. खोलीत बायका, म्हातारी माणसं आणि आजारी पोरं. बाप्ये आणि तरणी पोरं गॅलरीत, जिन्यात, मैदानात. दादा समता सैनिक दलात होते, पोरांना कवायत शिकवायचे, लेझीम खेळायचे. पोरांना शिकवणारा म्हणून कुणीतरी त्यांच्या हातात पत्र दिलं, वाचून दाखवा म्हणाला. दादांना अक्षर येत नव्हतं. तो माणूस निघून गेला आणि दादा रडले. एवढा धडधाकट गडी, पोरांपुढं ताठ उभा राहणारा, एका कागदाच्या चिठोऱ्यापुढं रडला. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना मुळाक्षरं शिकवली. आणि जोडाक्षरं? ती दादा रस्त्यावर शिकले. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत.

मला या गोष्टीनं फार दिवस झोपू दिलं नाही. म्हणून शिवडीला मी तेच केलं. वही काढली आणि चाळींच्या आजूबाजूच्या रस्त्यांवर दिसेल ती पाटी उतरवत गेलो. स्टोअर्स. क्लिनिक. गृहनिर्माण संस्था. ट्रान्सपोर्ट. बघा कसली जोडाक्षरं आहेत. स्ट, क्ल, स्थ, न्स. शाळेत ती आपण छडीच्या धाकानं शिकलो. विशीतला कामगार पाळी संपल्यावर दुकानाखाली उभा राहून ओठांतल्या ओठांत ती फोडतोय, दुकानदार त्याच्याकडे संशयानं बघतोय, हे चित्र डोळ्यांपुढं आणा. आपल्याकडे एकलव्याची गोष्ट सांगतात. इथं मात्र अंगठा कुणी मागायला आला नाही, कारण हा माणूस शिकतोय हेच कुणाला कळलं नाही.

माझ्यावरही संशय आलाच. एक म्हातारबा काठी टेकत जवळ आले. म्हणाले, "कुठल्या बिल्डरचा रे तू? काय मोजतोयस?"

"जयभीम बाबा. मोजत नाय काय. पाट्या लिहून घेतोय. मी मिल कामगार आहे."

"मिल कामगार? या वयाचा? मिली कुठं राहिल्यात?"

"आमच्याकडे तारापूरला आहेत बाबा. कंत्राटी."

बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मिली गेल्या नाहीत. नुसत्या तुमच्याकडे सरकल्या. आणि पास नाही, फंड नाही, युनियन नाही. असंच ना?" मी मान हलवली. त्यांनी चहा पाजला.

बिल्डरचं भय खोटं नाही. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी पाडून म्हाडा टॉवर बांधतेय. वरळीतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ ला नव्या घराच्या चाव्या मिळाल्या, पाचशे चौरस फुटांच्या घराच्या. मिळाल्याच पाहिजेत. १६० फुटांत चार पिढ्या काढलेल्या माणसाला पाचशे फूट हा त्याचा हक्क आहे, आणि आठवणींसाठी चाळ राखा म्हणणारा मी नाही. तसं म्हणणारे मलबार हिलवर राहतात. पण शिवडीच्या बारा चाळी या कामातून बाहेर राहिल्या. का? जमीन बंदराची. पोर्ट ट्रस्टची, आता त्याला बंदर प्राधिकरण म्हणतात. राज्य सरकारची जमीन असती तर गोष्ट वेगळी होती. म्हणजे बघा, घर कामगाराचं, गाणं कामगाराचं, घाम कामगाराचा, आणि पायाखालची जमीन तिसऱ्याचीच. पोर्ट ट्रस्ट. दोन्ही शब्दांत जोडाक्षर आहे. दादांनी हेही कुठंतरी वाचलंच असणार.

इथं राहत असतानाच, ३ मे १९४३ ला दादांनी पहिलं गाणं रचलं. वय वीस. एका हिंदी गाण्याच्या चालीवर केलेलं विडंबन होतं ते. शुद्ध संगीतवाले नाक मुरडतात ते इथंच. म्हणतात, भीमगीतवाले चाली उसन्या घेतात. घेतात! त्यात लपवण्यासारखं काय आहे? ज्याला पेटीमास्तर ठेवता येत नाही, ज्याचा श्रोता दिवसभर राबून आलाय, तो अशी चाल घेतो जी श्रोत्याच्या तोंडात आधीच बसलेली असते. मग नवा शब्द थेट आत जातो. ही पद्धत दादांच्या आधीपासूनची आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचं अंग घेतलं आणि आतला मालच बदलला. पुढं १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे निघाले. त्यात नाशिककडचेच भीमराव कर्डक आघाडीवर. गणात गणपतीच्या जागी बाबासाहेबांना वंदन आलं, गवळणीची छेडछाड गेली, वगाच्या जागी दारू, शिक्षण, पाणवठा यांवरचे फार्स आले. ज्या वस्तीत वर्तमानपत्र वाचणारा एक माणूस नव्हता, तिथं चळवळीची बातमी या जलशांनी नेली. दादा त्याच वाटेवरचे. पुढं जलशाची गायन पार्टी झाली, कव्वालीचा मुकाबला आला, लाउडस्पीकर आला, कॅसेट आली. शब्द मात्र पुष्कळदा दादांचाच असायचा.

शिवडीहून नायगाव लांब नाही, मी चालतच गेलो. त्याच १९४३ साली दादांनी नायगावला बाबासाहेबांना पहिल्यांदा बघितलं. विठ्ठल उमपही याच नायगावचे. त्यांचा जन्म १९३१ चा, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीच्या मंचावरच ते कोसळले. नायगावात चाळी उतरवणं आणि टॉवर चढवणं दोन्ही चाललंय, पत्र्याच्या कुंपणामागं. त्यापलीकडं सांगण्यासारखं तिथं मला फार मिळालं नाही.

आपल्यातल्या काही पोरांना वाटतं की असं फक्त आपल्याच वाट्याला येतं. अमेरिकेत लुई आर्मस्ट्राँग नावाचा काळा माणूस होता. ट्रम्पेट वाजवायचा, गायचा. जाझ संगीत जगभर गेलं त्यात त्याचा हात फार मोठा. न्यू ऑर्लीन्स शहरातल्या जेन अ‍ॅली नावाच्या गरीब गल्लीत १९०१ साली जन्मला. तो जिवंत असताना, जगात नाव झालेलं असताना, १९६४ मध्ये ते घर पाडलं. कशासाठी? पोलीस आणि कोर्टाच्या इमारतींसाठी! काळ्या माणसाच्या जन्मघरावर पोलीस ठाणं. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये तो १९४३ पासून, म्हणजे दादांच्या पहिल्या गाण्याच्या सालापासून, मरेपर्यंत राहिला, त्या घराचं २००३ मध्ये संग्रहालय झालं. कारण ते घर त्याचं स्वतःचं होतं, बायकोच्या पसंतीनं घेतलेलं. ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्या नावावर इतिहास. ब्लॅक पँथरचं नाव आपण १९७२ ला घेतलं. त्यांच्या गाण्याचाही इतिहास घ्यायला हवा होता.

देशवंडीला मी थंडीत गेलो. पालघरहून नाशिकची एसटी विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक अशी चढत जाते. वाटेत जव्हार तालुक्यात वाळवंडे आहे, तारपा वाजवणाऱ्या भिकल्या लाडक्या धिंडांचं गाव. दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान, मेण, एवढ्यावर ते वाद्य उभं राहतं. त्यांच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. आमच्या जिल्ह्यातल्या पोरांनी तिथंही उतरावं. मी त्या दिवशी उतरलो नाही, शेवटची गाडी चुकली असती.

नाशिकमध्ये काळाराम मंदिराच्या दारात थांबलो. १९३० च्या मार्चमध्ये सत्याग्रह सुरू झाला तेव्हा दादा सात वर्षांचे, इथून थोड्याच अंतरावर गुरांमागं. सिन्नर म्हणजे विड्या वळणाऱ्या हातांचं गाव. पुढं देशवंडी. माळरान, खडक, मधूनच कांद्याचं हिरवं शेत. गुराखी पोरगं इथं दिवसभर काय करत असेल? ओरडत असेल, गात असेल, दुसऱ्या बांधावरून उत्तर येतंय का ते ऐकत असेल. लूमच्या आवाजात मी जे करतो तेच. कुणी ऐकत नसताना गळा मोकळा करण्याची ही शाळा. दादांच्या गाण्यातले बैल, बांध, पाऊस, पाखरं मुंबईत सापडलेली नाहीत, ती इथली.

दादा १५ मे २००४ ला नाशिकला गेले. मधली साठ वर्षं ते कुठं राहिले, या प्रश्नाचं खरं उत्तर एसटी स्टँड असं आहे. गावोगाव गाणं, रात्री कुणाच्या तरी पडवीत झोप, सकाळी पुढची गाडी. मानधन मिळालं तर मिळालं. १९९३ साली वर्ध्याला पहिलं आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं त्याचे अध्यक्ष दादा होते. पाट्यांवरून जोडाक्षरं शिकलेला माणूस साहित्यिकांपुढं अध्यक्ष म्हणून उभा. पण त्या पडव्या? त्यांवर कोण पाटी लावणार? त्या तुमच्या माझ्या वस्तीत आहेत, पत्रे बदललेत, स्लॅब पडलेत. ज्यांनी कंदील धरला, डाळ शिजवली, त्या आयाबाया ऐंशीच्या पुढं गेल्यात. दोस्तांनो, पुढच्या अंकासाठी कविता पाठवण्याआधी एक काम करा. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. जलसा कुठं व्हायचा, ढोलकी कोण वाजवायचं, गाणारे रात्री कुणाकडं जेवले. नाव, साल, जागा लिहा. स्वच्छ अक्षरात.

माकुणसारच्या आमच्या वाड्यात मी सुरुवात केलीय. गायन पार्टीची एक वही मिळाली, दोनशे पानी, कडा उंदरांनी खाल्लेल्या. भीमगीतं उतरवून घेतलेली, कुणाच्या तरी कच्च्या अक्षरात. जोडाक्षरं जवळजवळ सगळीच फोडून लिहिलेली आहेत. धर्म हा शब्द 'धरम' असा, संघर्ष 'संगरश' असा. मी ती दुरुस्त न करता जशीच्या तशी उतरवतोय. सध्या अकराव्या पानावर आहे.