१६९६ चा कायदा आणि बुधवार पेठेतील शाळा

स्कॉटलंडच्या इतिहासाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारले तर मी बुधवार पेठेकडे बोट दाखवतो.

१६९६ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने कायदा केला. चर्चच्या प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा हवी. इमारतीचा आणि मास्तरच्या पगाराचा भार जमीनदारांनी उचलावा. अंमल सारखा झाला नाही. डोंगराळ मुलखातील गेलिक भाषक मागेच राहिले. तरी शेतकऱ्या-विणकऱ्याच्या पोराने वाचायला शिकणे तिथे पाप ठरले नाही.

त्याच देशात जन्मलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती ब्राह्मणांसाठी. खालच्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी ठरतात, असे मिशनरींना आढळते, हे त्याने शिक्षणविषयक टिपणात नोंदवले. पण शिक्षण आधी त्यांच्यात रुजले तर ते वर पसरणार नाही, म्हणून जपून राहा, असा त्याचा सल्ला! मायदेशातला न्याय इथे येताच जातीपुढे वाकला.

दुसरा स्कॉटलंडही इथे आला होता. १८४१ मध्ये जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि १८४७ पर्यंत शिकले. त्या शाळेचे ऋण मान्य करावेच. पण पुढचे पाऊल मिशनने नव्हे, आपल्या माणसांनी टाकले. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. १८५२ मध्ये वेताळ पेठेत महार-मांगांची शाळा सुरू झाली. १८५५ साली त्यांची मांग विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. एल्फिन्स्टनच्या टिपणाला याहून सडेतोड उत्तर मला ठाऊक नाही.

१८७२ मध्ये स्कॉटलंडमध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. दहाच वर्षांनी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची सक्ती मागितली. सारा भरतो रयत, शिकतात वरचे, हे त्यांनी सरकारला ऐकवले. स्कॉटिश जमीनदाराला जो भार उचलावा लागला तो इथे रयतेने उचलला, आणि शाळा मात्र दुसऱ्याच्या दारात गेली.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे २००९ मध्ये झाला. भिडेवाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. स्मारक अवश्य व्हावे. पण कार्यकर्त्यांनो, शिक्षकांनो, शाळेचा पैसा कोणाचा आणि शाळा कोणाच्या दारात, हा जोतीरावांचा प्रश्न दगडात चिणला जाऊ देऊ नका.