नारदांच्या नावाआधीचा ‘देवर्षी’

देवर्षी म्हटलं की नारदांखेरीज दुसरं नाव पटकन सुचत नाही. पण जुने ग्रंथ क्रमाने उघडत गेलं, तर नारद आधी भेटतात आणि ही पदवी पुष्कळ नंतर.

ऋग्वेदाच्या अनुक्रमणीत आठव्या मंडलातलं १३वं सूक्त नारद काण्व यांच्या नावावर आहे. लगतचं १२वं पर्वत काण्वांचं. म्हणजे इथे ते कण्वकुळातले मंत्रद्रष्टे. ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेत पर्वत आणि नारद हीच जोडी हरिश्चंद्र राजाच्या घरी मुक्कामाला आहे. शंभर राण्या असून राजाला मुलगा नाही. माणसाला मुलगा हवासा का वाटतो, असं तो एका गाथेत विचारतो. नारद दहा गाथांत उत्तर देतात आणि वरुणाला शरण जायला सांगतात. हा राजाच्या घरात वावरणारा जाणता माणूस आहे, आकाशातून उतरलेला पाहुणा नव्हे.

छांदोग्य उपनिषदाचा सातवा अध्याय तर मला दर वेळी हलवून जातो. सनत्कुमारांपुढे नारद शिष्य म्हणून आले आहेत. चार वेद, इतिहासपुराण, नक्षत्रविद्या, सर्पविद्या अशी लांबलचक यादी ते सांगतात आणि पुढे कबूल करतात, की आपल्याला मंत्र कळले, आत्मा कळला नाही. मन शोकात आहे. या प्रसंगांत देवर्षी हा शब्द कुठेच येत नाही.

महाभारतात चित्र पालटतं. युधिष्ठिराच्या नव्या सभेत पारिजात, रैवत आणि सुमुख या ऋषींसह नारद येतात. नारद सर्व लोकांत हिंडून, मनाच्या वेगाने आलेले असतात, आणि तिथे त्यांना देवर्षी म्हटलं आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या सभापर्वातही हा शब्द टिकून आहे. त्यामुळे तो कुणा एका लेखकाने हौसेने मागाहून घातला, असं म्हणता येत नाही. गीतेच्या दहाव्या अध्यायात तर देवर्षींमध्ये मी नारद, असं श्रीकृष्ण सांगतात. म्हणजे तोवर देवर्षींचा एक वर्गच मानला जात होता.

या वर्गाचा अर्थ काय? राजर्षी म्हणजे राजा असून ऋषी. त्याच चालीवर देवर्षी म्हणजे देव असून ऋषी, असं वाटणं साहजिक आहे. वायुपुराणाचा ६१वा अध्याय मात्र वेगळी फोड करतो. ‘ऋष्’ हा धातू गतीचा. जे देवांपर्यंत जातात ते देवर्षी. त्यात नर-नारायण, वालखिल्य, कर्दम, पर्वत आणि नारद अशी नावं आहेत. भूत, भविष्य, वर्तमान जाणणं आणि खरं बोलणं ही त्यांची लक्षणं. मला ही फोड पटते, कारण सभापर्वातले नारद नेमके तसेच आहेत, सतत जाणारे-येणारे. अमरकोशातही ‘सुरर्षी’, म्हणजे देवर्षीच, हा शब्द देवांचं विमान आणि देवांची सुधर्मा सभा यांच्या मधोमध ठेवलेला दिसतो.

आणखी एक पुरावा रामायणाच्या बालकांडात आहे. विश्वामित्र तपाच्या बळावर राजर्षी, ऋषी, महर्षी आणि शेवटी ब्रह्मर्षी होतात. त्या चढणीत देवर्षी ही पायरीच नाही; म्हणजे तपाने चढत जाऊन मिळवायचा हा दर्जा नव्हे, तो वेगळाच वर्ग.

नारदांचं कूळही ग्रंथागणिक बदलत गेलं. अनुक्रमणीत ते काण्व, वायुपुराणात कश्यपपुत्र, भागवतात ब्रह्मदेवाच्या मांडीतून जन्मलेले, आणि त्याआधीच्या जन्मी एका दासीचा मुलगा. पदवी मात्र त्यांच्या नावाला घट्ट चिकटून राहिली. आपल्याकडे कीर्तनकार उभा राहतो त्या जागेला आजही नारदाची गादी म्हणतात. तिथे उभा असलेला बुवा वयाने कितीही लहान असो, पिकल्या केसांची माणसंसुद्धा पुढे होऊन त्याच्या पाया पडतात.