महत्त्वातील दुसरा त्

इंग्रजी शिकणाऱ्या मुलास वर्ण केव्हा दुहेरी लिहावा आणि केव्हा एकेरी, हे कोडे फार दिवस छळते. ‘बिगिनिंग’मध्ये एन दोन, ‘ओपनिंग’मध्ये मात्र एकच, कारण ‘बिगिन’चा आघात शेवटच्या अवयवावर पडतो, ‘ओपन’चा पहिल्यावर. उडी मारणे या अर्थाच्या ‘हॉप’ला प्रत्यय लागला की पी दुहेरी होतो, तो उच्चार ठसठशीत व्हावा म्हणून नव्हे. मागचा स्वर तोकडा आहे, तो ‘होप’मधल्यासारखा लांबवू नका, एवढेच तो वाचकास बजावतो. ही युक्ती जुनी आहे. बाराव्या शतकात ऑर्म नावाच्या मठवासी लेखकाने आपल्या पद्यग्रंथात ऱ्हस्व स्वरानंतर अवयव संपविणारे व्यंजन दुहेरी लिहिण्याचा परिपाठ ठेवला होता. पुढे १८२८ च्या कोशात अमेरिकेच्या नोआ वेब्स्टरने ‘ट्रॅव्हलर’मधील एक एल गाळला, इंग्लंडने तो ठेवला, प्रवासी दोन्हीकडचे सारखेच मुक्कामास पोचतात.

आपल्या भाषेच्या इतिहासात नेमकी उलट गोष्ट घडली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली मुंबईस दिलेल्या विल्सन व्याख्यानांत ती उलगडून दाखविली आहे. संस्कृत ‘हस्त’चे प्राकृतात ‘हत्थ’ झाले, ‘सप्त’चे ‘सत्त’, ‘कर्म’चे ‘कम्म’; आणि मराठीने ही द्वित्वे टाकून देऊन मागचा स्वर दीर्घ केला. हात, सात, काम हे आपले रोजचे शब्द म्हणजे मोडलेल्या जोडाक्षरांची भरपाई होय.

मग मराठी लेखनात प्रत्ययापूर्वीचे द्वित्व उरले कोठे? तर संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेल्या शब्दांत. ‘महत्’, ‘तत्’, ‘सत्’ यांस ‘त्व’ लागून महत्त्व, तत्त्व, सत्त्व झाले; ‘ता’ लागून सत्ता, विद्वत्ता आणि मुलांची इयत्ता झाली. ‘इयत्ता’ एका तकाराने कोणी लिहीत नाही, कारण तेथे दुसरा त् स्पष्ट ऐकू येतो. ‘महत्त्वा’त तो वेगळा ऐकू येत नाही. ऱ्हस्व स्वरापुढे जोडाक्षर आले की त्याचा पहिला वर्ण आपल्या जिभेवर आपोआपच दुणावतो. ‘सत्य’ आणि ‘पुत्र’ म्हणून पाहावे. पाणिनीनेही असे द्वित्व विकल्पाने सांगितले आहे. म्हणून ‘कवित्व’ आणि ‘महत्त्व’ यांत कान फरक सांगू शकत नाही, आणि जुन्या पोथ्यांतूनही ‘तत्व’ सर्रास आढळते. विद्यार्थ्याचे गुण येथे जातात ते आळसामुळे, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

रेफानंतरचे द्वित्व (‘धर्म्म’, ‘कार्य्य’) निव्वळ उच्चाराचे होते. मराठीने ते सोडले, आणि १९३६ साली कलकत्ता विद्यापीठाच्या नियमांनी बंगालीतूनही ते काढले. मग ‘महत्त्वा’तील त् का नको काढायला? १९०४ साली टिळकांनी ‘केसरी’त शुद्धलेखनावर लेख लिहिले, त्या वादापासून हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपाने उभाच आहे. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, ते योग्यच झाले. तत्सम ‘कवि’ आणि ‘गुरु’ यांचा अंत्य स्वरही त्या नियमांनी दीर्घ केला; म्हणजे तत्समांचे सोवळे तेव्हाच थोडे सैल झाले होते. ‘तत्त्वा’स मात्र कोणी हात लावला नाही.

माझ्या मते ते बरे झाले. धर्म्मातील म् गेला तरी ‘धर्म’ शब्दाची घटना जागची हलत नाही. महत्त्वातील त् गेला की ‘महत्’ फुटतो आणि ‘मह’ एवढाच निरर्थक तुकडा हाती राहतो. नियमही सोपा आहे: मूळ शब्द तकारान्त असेल तर दोन, नसेल तर एक. अस्तित्व, नेतृत्व, प्रभुत्व यांत एकच. ‘व्यक्तित्वा’त एक, पण ‘व्यक्तिमत्त्वा’त दोन. एवढ्यासाठी संस्कृत व्याकरण पाठ असावे लागत नाही.

हा त् गमावल्याने काय होते, याचे उदाहरण ‘पाश्चात्त्य’ शब्दात आहे. ‘पश्चात्’ला ‘त्य’ लागून तो झाला, म्हणून त्यात दोन त्. ‘दक्षिणा’पासून झालेल्या ‘दाक्षिणात्या’त एक. लोकांनी ‘पाश्चात्य’ लिहिण्यास सुरुवात केली आणि ‘आत्य’ हाच प्रत्यय आहे असा समज पसरला. मग पूर्वेकडच्यासाठी ‘पौरस्त्य’ हा चांगला शब्द असताना ‘पौर्वात्य’ नावाचा एक नवाच शब्द जन्मास आला. तो आता कोशांत आणि ग्रंथांच्या नावांत इतका रुळला आहे की, त्यास कोणी घराबाहेर काढील असे दिसत नाही.